नाकाशेजारची घडी

“डॉक्टर, पौर्णिमेच्या रात्री मी लांडगा होणार का?”

विचारलं! एका दमात, न अडखळता, स्किनच्या मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं. बाबांना भलताच खोकला आला. आईने टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की लांडगा व्हायच्या आधीच मी केकाटले असते.

प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो चष्मिष्ट आणि पोपट या माझ्या वर्गातल्या दोन जिवलग मैत्रिणींचा. तापाच्या डॉक्टरांनी मला या मोठ्या दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर ‘ल्यूपस’ असं लिहून पुढे एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. पोपटने तिच्या ताईचा मोबाईल पळवून त्याच संध्याकाळी शोध लावला की ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. दोघी हसून गडाबडा लोळल्या आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण मी हसत नव्हते. शेवटी चष्मिष्टने चष्मा वर सारला.

“विचार डॉक्टरांना. पौर्णिमेला लांडगा होणार का, असंच विचारायचं. विचारलंस तर खिडकीजवळचा बाक वर्षभर तुझा.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर तू मांजर. आमच्या दृष्टीने कायमची मांजर.”

त्या बाकावरून मैदान दिसतं, वारा येतो आणि फळा बघायचं नाटक करत बाहेरच्या मॅच बघता येतात. तरीही वर्षापूर्वीची मी असते तर मांजर होणं पत्करलं असतं. बाबा मला ‘भोंगा’ म्हणतात, पण तो फक्त घरातला भोंगा. बाहेर कुणी नाव विचारलं तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. पण हे दुखणं सुरू झाल्यापासून इतक्या अनोळखी माणसांनी मला ‘जीभ दाखव, बाही वर कर, बोटं मिट, बोटं उघड’ असं सांगितलं होतं की माझी लाज कुठल्यातरी वेटिंग रूमच्या बाकड्यावर राहून गेली. कुणाला सापडली तर ठेवून घ्या. मला परत नको.

स्किनच्या मॅडम हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, पेन खाली ठेवून हसल्या.

“नाही गं बाई, लांडगा नाही होत कुणी. जुन्या काळच्या डॉक्टरांना चेहऱ्यावरचे हे चट्टे लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसले, म्हणून हे नाव पडलं. पण तुला चावलाय की नाही, तेच मला कळत नाहीये. तापाचे डॉक्टर लिहितात गालांवर पुरळ. मला तर तुझे गाल अगदी स्वच्छ दिसतायत.”

त्या हसल्यामुळे मीही हसले. चांगली खिदळले. आणि त्या एकदम थांबल्या. माझ्या हनुवटीला बोट लावून त्यांनी माझा चेहरा खिडकीकडे वळवला.

“परत हस.”

आता सांगून कुणाला हसता येतं? मी दात दाखवले.

“गालावर बारीकशी भेग पडली. हे काय लावलंयस?”

मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर आईवर उगाच अन्याय होईल.

आईचं पार्लर आहे. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पार्लर. समोर मोठा आरसा, त्याच्या कडेने बल्ब, मागे झुकणारी लाल खुर्ची, वाफेचं मशीन आणि कापसाचे गुंडाळे. आई दातात दोरा धरून भुवया कोरते आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या सासूची अख्खी कहाणी ऐकते, फक्त ‘हं’ आणि ‘हंऽऽ’ एवढ्यावर. आणि मी त्या पार्लरची चालतीबोलती पाटी. मुलीचाच चेहरा ओढलेला दिसला तर माझ्याकडे कोण येईल, हे आईचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे नवीन काही आलं की पहिला प्रयोग माझ्यावर. मला आवडायचं. खुर्चीत आडवं व्हायचं, डोळ्यांवर गार कापूस, आणि आईची बोटं.

एकदा असंच एक नवं फेशिअलचं क्रीम आलं. आईने मला लावलं. त्या दिवसांत शाळेच्या धावण्याच्या सरावाला मी रोज भर उन्हात मैदानावर असायची, हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. थोड्याच दिवसांत गालांवर जांभळट तपकिरी चट्टे उमटले, या गालापासून त्या गालापर्यंत, मधे नाकाच्या दांड्यावरून पूल टाकल्यासारखे. मग बोटं सुजायला लागली. सकाळी दप्तराची चेन ओढता येईना. मग ताप. गल्लीतले डॉक्टर घरी आले, चेहरा बघितला आणि विचारलं, “नवीन काही लावलं होतं का?”

आई म्हणाली, “हो. मीच लावलं.”

“मग तेच बाधलंय,” डॉक्टर म्हणाले आणि चप्पल घालून गेले. त्यांना काय माहीत, ते मागे काय टाकून गेले ते.

त्या दिवसापासून आईने कुणाच्या चेहऱ्याला क्रीम लावलं नाही. केस कापायची, भुवया करायची, पण फेशिअल म्हटलं की ‘सध्या बंद आहे’. मग भुवयाही बंद झाल्या. लाल खुर्चीवर तिने जुनी चादर टाकली. आपल्या हाताखाली शिकलेल्या एका ताईला तिने खुर्ची आणि वाफेचं मशीन न्यायला सांगून टाकलं. मी ‘अगं आई, ताप फेशिअलने येतो का?’ असं कितीदा विचारलं, पण तिचं एकच, “माझ्या हाताने झालंय.” बाबा सिटी बस चालवतात, दिवसभर तुंबलेल्या रस्त्यातून वाट काढतात, पण आईच्या या एका वाक्यापुढे त्यांचीही गाडी बंद पडायची.

ताप उतरेना तेव्हा बाबाच मला अंथरुणातून तसंच, उघड्या चेहऱ्याने, तापाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक मात्र आई रोज करत होती. शाळेत कुणी काही बोलू नये म्हणून सकाळी माझे चट्टे झाकायची. त्यासाठी ती स्वतः वर्षानुवर्षं वापरते तो, तिच्या भरवशाचा जुना रंग. बोटाच्या टोकाने थोपटून थोपटून असं झाकायची की चष्मिष्टसुद्धा, जिला नवा भिंगाचा नंबर लागलाय, फसायची.

आणि दवाखान्यात जायच्या सकाळीही तिने ते झाकलं होतं. मी आरामात बसून झाकून घेतलं होतं. चेहरा दाखवायला निघालो होतो आणि चेहराच झाकून निघालो होतो! आमच्या घरातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

“सवय हो मॅडम,” आई म्हणाली. आवाज इतका बारीक, की बाहेर नंबर पुकारणाऱ्या मावशींचाच जास्त ऐकू येत होता. “आणि खरं सांगू? मला ते बघवत नाही. माझ्याच हाताने झालेलं. तुमच्यासमोर तसं उघडं करून कशी आणू?”

मॅडमनी एक शब्दही वावगा काढला नाही. मी अजून त्यांची ऋणी आहे त्यासाठी. त्यांनी फक्त ट्रेमधून कापूस घेतला, पाण्यात बुडवला आणि माझ्या गालावर घासला.

“स्स्स!”

“असं नाही, असं नाही,” आई ताडकन उठली. “दुखेल तिला. द्या इकडे.”

आणि तिने पर्समधून तिची छोटी बाटली काढली, कापसाच्या घडीवर दोन थेंब टाकले आणि घडी माझ्या गालावर नुसती ठेवली. ठेवून थांबली. मग अलगद उचलली. कितीतरी आठवड्यांनी तिची बोटं माझ्या चेहऱ्यावर अशी निवांत फिरत होती. एक गाल, दुसरा गाल, नाक. कापूस तपकिरी होत गेला आणि आईचे डोळे भरत गेले. तिने पुसणं मात्र अर्ध्यात सोडलं नाही. शेवटचा कापूस ट्रेमध्ये टाकून ती बाजूला झाली, एखाद्या नव्या नवरीचं तोंड दाखवावं तशी. फक्त उलट, सगळा रंग उतरवून.

मॅडमनी भिंगाचा दिवा ओढला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “चावलाय. बऱ्यापैकी चावलाय.”

बाबांनी माझा हात धरला. स्टिअरिंग धरतात तसा, घट्ट.

“पण मला एक सांगा,” मॅडम आईकडे वळल्या. “ते नवं क्रीम तुम्ही कसं लावलंत? म्हणजे सुरुवात कुठून केलीत?”

आईला वाटलं आता उलटतपासणी. ती घाबरून पण अगदी नीट सांगायला लागली. “नाकाच्या बाजूची ही घडी असते ना, नाकपुडीपासून ओठाकडे उतरते ती, तिथून. मी नेहमी तिथूनच सुरू करते. तिथेच जास्त घासते, तिथेच सगळा मळ साचतो. मग हनुवटी, मग कपाळ. गाल शेवटी. गाल नाजूक असतात म्हणून गालांवर अगदी हलका हात.”

“हिलाही तसंच?”

“हिला जास्तच. हिच्या त्या घडीत काळे ठिपके फार.”

“आई!” मी ओरडले. काही गोष्टी डॉक्टरांपुढेही सांगायच्या नसतात.

मॅडमनी टेबलावरचा छोटा आरसा आईच्या हातात दिला आणि बोटाने माझ्या नाकाशेजारी दाखवलं. “आता बघा. या घडीत काय दिसतं?”

आईने बघितलं. मीही आरशात वाकून बघितलं. गालांवर चट्टे होते, नाकाच्या दांड्यावर होते. पण नाकाशेजारच्या दोन्ही घड्या कोऱ्या करकरीत. जणू कुणी तिथे बोट ठेवून बाकीचा रंग फासला होता.

“काहीच नाही,” आई म्हणाली.

“हनुवटीवर?”

“नाही.”

“क्रीम बाधलं असतं, तर जिथे सगळ्यात जास्त घासलंत तिथेच सगळ्यात आधी उठलं असतं. ल्यूपसची पुरळ बहुतेक वेळा ही घडी सोडून देते. गालांवर बसते, नाकावर बसते, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. जिथे ऊन थेट पडतं तिथे. घडी सावलीत राहते.”

मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. आईच्या स्वतःच्या हाताच्या सवयीनेच आईची बाजू मांडली होती! पण आईने आरसा टेबलावर पालथा ठेवला आणि हळूच विचारलं, “हे नुसतं बघून म्हणताय ना तुम्ही? रक्तात काय ते कळेल ना?”

माझी आई अशी. तिला दोषी ठरवायला गल्लीतल्या डॉक्टरांचं एक वाक्य पुरलं होतं. निर्दोष ठरवायला मात्र तिला पक्का पुरावा हवा होता.

“कळेल,” मॅडम म्हणाल्या. “आणि नुसतं बघून मलाही ठरवायचं नाहीये.”

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि इतकं छान समजावलं की आमच्या विज्ञानाच्या सरांना तिथे शिकवणी लावावी. आपलं शरीर बाहेरून आलेल्या जंतूंशी लढायला अँटीबॉडी बनवतं. शुद्ध भाषेत प्रतिपिंडं. ल्यूपसमध्ये ती चुकून आपल्याच पेशींच्या आतल्या गोष्टींवर नेम धरतात.

“म्हणजे तिकीट काढलेल्या प्रवाशालाच कंडक्टर खाली उतरवतोय,” बाबा म्हणाले.

“अगदी बरोबर! आणि वर धक्काबुक्की करतोय.” मॅडमना बाबांचं उदाहरण फार आवडलं. बाबांची छाती एवढी फुगली की शर्टाच्या बटणाची मला काळजी वाटली.

तापाच्या डॉक्टरांनी एक चाचणी आधीच केली होती आणि ती पॉझिटिव्ह होती. पण मॅडम म्हणाल्या की ती चाचणी म्हणजे नुसता भोंगा. वाजला एवढंच कळतं. काही धडधाकट माणसांतही उगाच वाजतो. बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. मॅडमना माझं टोपणनाव कुणी सांगितलं होतं?

आता खास अँटीबॉडी शोधायच्या होत्या. एक अशी, जी कमी लोकांत सापडते, पण सापडली तर ल्यूपसचा संशय जवळजवळ पक्का होतो. एक अशी, जिच्यामुळे त्वचा उन्हावर रुसते. आणि एक अशी, जी वाढली की मूत्रपिंडांवर डोळा ठेवावा लागतो. म्हणून लघवीही तपासायची. शिवाय माझ्या दंडावर मागाहून उठलेल्या चट्ट्यातून डाळीएवढा तुकडा काढायचा, बधिर करून.

“दुखेल?” आईने विचारलं.

“दुखेल?” बाबांनी विचारलं.

“मला विचारायचं होतं ते!” मी म्हणाले.

सुई टोचताना दुखलं, पुढे काही नाही. टाका घालणाऱ्या सिस्टर शिट्टी वाजवत होत्या. मी त्यांनाही लांडग्याचा विनोद सांगितला.

रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. तो मधला काळ कसा गेला विचारू नका. गोळ्या मात्र मॅडमनी लगेच सुरू केल्या. त्यातली एक मलेरियावरची जुनी गोळी आहे आणि ती इथेही चालते, हे ऐकून मला त्या गोळीबद्दल आदरच वाटला. दोन दोन नोकऱ्या करते बिचारी. आणि कडक ताकीद मिळाली. ऊन टाळायचं, लांब बाह्या, टोपी, सनस्क्रीन, आणि काचेच्या खिडकीशीसुद्धा उन्हात बसायचं नाही.

“काचेतूनही?” मी किंचाळले.

म्हणजे पैज जिंकून मिळालेला बाक मला बसण्याआधीच सोडावा लागला. पोपटने तो ताबडतोब बळकावला. चष्मिष्टने मात्र पडदा मागितला वर्गशिक्षिकांकडे. कुणी न सांगता. पडदा लागला तेव्हा पोपटला मॅच दिसेनाशी झाली आणि ती माझ्यावर दिवसभर फुरंगटून बसली. जगात अशा मैत्रिणी सगळ्यांना मिळोत.

मॅडमकडून आल्यापासून आईने माझे चट्टे झाकणंही सोडलं. सनस्क्रीन माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, “तूच लाव.” चेहऱ्याला हात नाही लावायची. मी मुद्दाम कानाशेजारी पांढरे ओघळ ठेवायची. ती बघायची, तिची बोटं वळवळायची, आणि ती स्वयंपाकघरात निघून जायची. लाल खुर्ची चादरीखाली तशीच. ती शिकलेली ताई रविवारी टेम्पो घेऊन येणार होती.

शुक्रवारी दवाखान्यातून बोलावणं आलं.

आम्ही तिघं रांगेत बसलो. या वेळी माझा चेहरा धुतलेला, उघडा. समोरच्या बाकावरचं एक लहान मूल माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी त्याला जीभ दाखवली. त्याने मला दाखवली. संपला विषय. लोकांचं बघणं इतकं सोपं असतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

मॅडमनी आम्हाला बसवलं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा न मारता सांगितलं. “ल्यूपसच आहे. ती दुर्मीळ अँटीबॉडी सापडली. उन्हावर रुसणारीही सापडली, चांगली भरपूर. मूत्रपिंडवाली सध्या नाही आणि लघवी स्वच्छ आहे. सध्या म्हणतेय मी, कायमचं नाही. ते आपण पुन्हा पुन्हा तपासत राहायचं.”

बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

“आणि हे बघ.” मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. काळ्याभोर अंधारात एक हिरवीगार, चमकणारी रेघ. नागमोडी, सलग. “तुझ्या दंडाचा तुकडा. खास रंग लावून खास दिव्याखाली बघितलेला. त्वचेच्या वरच्या आणि खालच्या थराच्या मधे तुझ्या अँटीबॉडी अशा जाऊन बसल्यात.”

“आई, बघ!” मी ओरडले. “माझ्या आतपण हायलायटर लावलाय!”

आई हसली नाही. ती त्या रेघेकडे बघत होती. “हे आतून आलंय?”

“आतून. हे कुठलं क्रीम आत नेऊन ठेवू शकत नाही. शरीर हे का सुरू करतं, ते आम्हालाही पूर्ण ठाऊक नाही, तेवढं खरं सांगते. घराण्यातून आलेलं काही असेल, ऊन असेल, आणखी काही असेल. पण तुम्ही त्या दिवशी फेशिअल केलं नसतं, तरी हे आलंच असतं.”

आईने पदराला, म्हणजे ओढणीला, डोळे पुसले. मग पुन्हा पुसले. मग ती चक्क हसत हसत रडायला लागली आणि बाबा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “झालं, सिग्नल सुटला. आता पुढे घे गाडी.”

मला त्या दिवशी सगळ्यांचे आभार मानावेसे वाटत होते. मॅडमचे, शिट्टीवाल्या सिस्टरचे, अंधारात बसून ती हिरवी रेघ शोधणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचे. माझ्या मैत्रिणींचे, कारण त्या पैजेमुळेच मी खिदळले आणि आईचा रंग भेगाळला. आणि माझ्या नाकाशेजारच्या घडीचे. कुणी आजवर स्वतःच्या नाकाच्या घडीचे आभार मानलेत का? मी मानले.

निघताना मॅडमनी एक गोष्ट विचारली. त्या एक अभ्यास करतायत. ल्यूपसच्या पेशंटच्या त्वचेवर काय दिसतं आणि रक्तात कुठल्या अँटीबॉडी सापडतात, या दोन्हीची काही सांगड लागते का, ते बघतायत. “पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्यापान चेहऱ्यांचे. त्यांच्यावर ही पुरळ लालभडक उठून दिसते. आपल्या रंगावर ती जांभळट, तपकिरी दिसते. मग कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं वांग आलाय, कुणी म्हणतं क्रीम बाधलं. शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे असे चेहरेच कमी आहेत. तुझा फोटो मिळाला तर फार उपयोग होईल. डोळे झाकू. पण आईबाबांची संमती हवी, आणि त्याआधी तुझी. घाई नाही. विचार करा.”

“नको,” आई पटकन म्हणाली. “असा चेहरा? कायमचा? तो फोटो राहील, मॅडम.”

“घरी बोलू,” बाबा म्हणाले.

घरी कुणी बोललंच नाही. जेवताना बाबांनी तीच ती बसमधली गोष्ट सांगितली, सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या आजोबांची. आई हसली. खरंच हसली, आणि मला वाटलं झालं, आता सगळं पहिल्यासारखं. पण उठताना ती म्हणाली, “परवा टेम्पो येईल. खुर्ची पुसून ठेवायला हवी.”

“आई! आता कशाला द्यायची? तुझं काही चुकलं नव्हतं, कळलं ना आता?”

“कळलं गं. डोक्याला कळलं.” तिने स्वतःचे हात पुढे धरून बघितले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. “हातांना नाही कळलं अजून. कुणाच्या चेहऱ्याजवळ नेले की थरथरतात.”

मी अंथरुणात पडून विचार केला. गल्लीतल्या डॉक्टरांनी माझ्यासारखा चेहरा कधी फोटोत बघितला असता, तर? तर त्यांनी चप्पल घालायच्या आधी एकदा माझ्या नाकाजवळ बघितलं असतं. आईची खुर्ची चादरीखाली गेली नसती. दुसऱ्या कुठल्यातरी गल्लीत, दुसऱ्या कुठल्यातरी आईला, आत्ता कुणीतरी ‘तेच बाधलंय’ असं सांगत असेल. आणि आईच्या हातांचं काय? थरथरत नव्हते ते. मॅडमच्या टेबलापाशी, कापसाची घडी धरताना, अजिबात नव्हते. मी होते ना तिथे. माझाच गाल होता.

शनिवारी सकाळी मी पार्लरमध्ये गेले. चादर ओढून काढली. आरशाच्या कडेचे बल्ब लावले. खुर्चीत बसले, मागे झुकणारी दांडी ओढली, ती कुरकुरली, आणि मग मी माझा घरचा, अस्सल भोंगा वाजवला.

“आईऽऽ! बाबाऽऽ! दोघं इकडे या! आत्ताच्या आत्ता!”

आई ओले हात झटकत आली. बाबा अर्धवट दाढीत, एका गालाला फेस लावलेले. दोघं माझ्या मागे उभे राहिले. आरशात आम्ही तिघं. मधे मी, माझ्या फुलपाखरासकट.

“काय झालं? दुखतंय का कुठे?” आईने विचारलं.

“काही दुखत नाही. उभे राहा. मी ठरवलंय आणि सांगतेय.”

“विचारत नाहीयेस?” बाबा फेसातून म्हणाले.

“नाही. सही तुम्ही करायची आहे, म्हणून सांगतेय. फोटो मी देणार आहे. मॅडमना आजच हो म्हणून कळवणार. डोळे झाकले तरी चालतील, पण गाल झाकायचे नाहीत, आणि घडी अगदी स्पष्ट दिसली पाहिजे.”

आईने तोंड उघडलं. मी आरशातूनच हात वर केला.

“थांब, अजून आहे. त्या दिवशी चेहऱ्यावर तुझ्या रंगाचा, सनस्क्रीनचा, कशाचा म्हणून एक कण राहता कामा नये, आणि गाल घासून लाल झालेला चालणार नाही. हे फक्त एका माणसाला जमतं. तेव्हा निघायच्या आधी माझा चेहरा तू पुसायचास, आई. इथे. याच खुर्चीत. आणि त्यानंतर रोज सकाळी सनस्क्रीनसुद्धा तूच लावायचंस, नाकाच्या घडीपासून सुरुवात करून, नेहमीसारखं. म्हणून उद्याच्या टेम्पोवाल्या ताईला फोन लाव आणि सांग, वाफेचं मशीन हवं तर ने. खुर्ची कुठेही जाणार नाही.”